उसना डबा

मिलचा भोंगा बंद होऊन तीस वर्षं झाली,
तरी लाजरस अमोलिक, माझे वडील,
पहाटे पावणेसहाला उठून बसायचे,
चपलांची तोंडं दाराकडे करून.
आई म्हणायची, कुठली पाळी आहे आता तुमची?
ते म्हणायचे, शेवटची.

पाटनीपुऱ्याची आमची सगळी गल्ली
थकबाकीची वाट बघत होती:
कोर्टाची तारीख, वकिलाचा फोन, यादीतलं नाव.
यादीत नाव वडिलांचंही होतं.
पण त्यांचे कान दुसरीकडे असत.
धनी येईल, म्हणायचे, तेव्हा मी
किल्ली शोधत बसलेला नसावा, एवढंच.

एकदा रतलामहून कुणी प्रचारक आला,
कापडी पिशवीत गुंडाळलेले तक्ते.
भूकंप, लढाया, पशूचा आकडा;
बोटानं वर्षं मोजत त्यानं दाखवलं
जग कधी संपणार ते.
वडिलांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, विचारलं,
मंगळवारी की बुधवारी?
बुधवारी किराण्याचे पैसे द्यायचेत.
मग आत वळून, अगं, पोह्यांवर शेव जास्त घाल,
पाहुणा लांबून आलाय.

मुकातींची शिडी त्याच संध्याकाळी परत जायची.
वहीतल्या उधारीखाली रेघ.
थोमाकाकांशी बारा वर्षांचं भांडण, जागेवरून,
एका रात्री साडेदहाला स्कूटर काढून
मूसाखेडीपर्यंत जाऊन मिटवून आले.
उद्या गेला असतात तरी चाललं असतं, आई म्हणाली.
उद्या माझ्या नावावर नाही, ते म्हणाले,
आणि स्वेटर न काढताच झोपले.

मला राग यायचा.
बावीस वर्षांची होते मी.
इतक्यात काही संपायला नको होतं मला,
अजून गाडी शिकायची होती,
अजून कुणाचं तरी मन माझ्यावर बसायचं होतं.
एकदा विचारलंच, तुम्हांला काहीच नको असतं का हो?
भाकरीचा शेवटचा तुकडा वरणात फिरवत म्हणाले,
हवं होतं की. मागितलं पण प्रभूकडे, वीस वर्षं.
थोडं मिळालं, बरंचसं नाही.
मग कधीतरी कळलं,
मागायला बसतो ती जागाच ऊबदार झालीय.
आणि ताटावर हात आडवा धरला.
पुरे.

मिलची चिमणी पाडली त्या दुपारी
गल्ली हादरली, मांडणीवरची भांडी कोसळली,
धुळीत सूर्य गेला. कुत्रीसुद्धा गप्प.
मी चौकटीला धरून उभी,
तोंडात दोनच शब्द: एवढ्यात नको.
वडील खुर्चीत. चपला पायात.
धूळ बसली, आकाश पुन्हा दिसलं, जरा मोठं.
गाडी आली आणि आपलं माणूस उतरलंच नाही
की फलाटावर बघतात तसं त्यांनी बघितलं,
आणि लसूण सोलायला घेतला.

गजकच्या गाड्या लागल्या तेव्हा ते गेले.
थकबाकी त्यानंतर आली;
आईची सही करताना 'अमोलिक'मधली वेलांटी चुकली.
पेटी उचलताना कैलाश मुकाती खांदा बदलत म्हणाला,
भिया, बाबूजी खाली नी जा रिये.

मुकातीकाकूंचा डबा दुखवट्यात आला होता,
गरम खिचडी घेऊन. अजून माझ्याकडेच आहे.
घासलेला, ओट्यावर पालथा.
झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं त्यांचं नाव;
वस्तू कुणाची, ते वस्तूवरच लिहिलेलं.
आणि उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत आमच्याकडे.
रोज म्हणते, आज.

आज पावणेसहाला जाग आली, भोंग्याविना.
डबा सुलटा केला.
आत काय घालावं ते सुचत नाही.
साखर? चार लिंबं?
बाहेर कचरागाडीचं गाणं लांबून येतंय.
चपला घातल्यात मी.