बारदान वजा

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार आहेत.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं की
आधी बारदान वजा करतात,
मग आकडा बोलतात.
संध्याकाळी त्यांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या.

माझं वजन शाळेत होतं, बुधवारी.
मिरजेहून दोन ताई येतात,
चित्रकलेच्या वर्गात पडदा लावतात.
वरचा कॅमेरा आपल्याकडे बघतो
आणि पडद्यावर एक जांभळी मुलगी उभी करतो.
मी उडी मारली की ती नदी ओलांडते,
मी वाकले की तिच्या डोक्यावरून दगड जातो,
मी धापा टाकत थांबले
तर ती कमरेवर हात ठेवून वाट बघते.
तिला घाम येत नाही. बारीक आहे.

आम्ही नऊजणी. निवडलेल्या.
कशावरून निवडलं ते कुणी सांगितलं नाही,
आणि सगळ्या वर्गाला कळलं.

तहसीन ओढणी कमरेला गुंडाळून खेळते,
जिंकली की बाक बडवते.
मग काटा. ताई आकडा हळू बोलतात,
इतकं हळू की खिडकीबाहेरची पोरं गप्प होऊन ऐकतात.
अठ्ठावन्न चारशे.

मी विचारलं, ताई, बारदान?
काय?
म्हटलं, गणवेश, दोन वेण्या, रिबिनी,
सकाळची दीड भाकरी,
आत्याचं 'हिचं कसं व्हायचं गं'
हे वजा करायचं राहिलं.
एक ताई हसली.
दुसरीने काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

रात्री अण्णांना सांगितलं.
ते बराच वेळ नखातली हळद काढत बसले.
म्हणाले, ओल धरली की हळदपण जड भरते.
दिवस असतात मालाचे.
पुढं काहीच बोलले नाहीत, दूध मात्र अर्धा पेला जास्त ओतलं.

बारा आठवड्यांत तीनशे ग्रॅम गेले.
शेजारच्या बारशात परत आले.
फाइल गेली, पडदा गेला,
भिंतीत दोन खिळे तेवढे राहिले.
जांभळी मुलगी कुठल्या कपाटात उभी असेल?

आज बुधवार. मधली सुट्टी.
आम्ही नऊजणी त्या खिळ्यांसमोर.
तहसीन ओरडते, दगड! आम्ही वाकतो.
नदी! आम्ही उडतो, सगळ्या एकदम,
आणि खालच्या पाचवी बच्या छताची माती पडते.

मॉनिटर धावत वर येतो :
बाई विचारतात, वर पोती कोण टाकतंय?

आम्ही एकमेकींकडे बघतो.
मी म्हणते, सांग, हळदीची आहेत.
अजून आठ उतरायचीत.