डावा डोळा

आई म्हणाली, डावा ना? मग चांगलं असतं.
बाईचा डावा लवला की दारात काहीतरी येतं.
हे गेल्या तुळशीच्या लग्नाला.
तेव्हापासून लवतोच आहे, दिवसातून शेकडो वेळा,
झोपेतसुद्धा, शीजाने मोबाइलवर काढून दाखवलं.
एवढं शुभ ठेवायचं कुठे?
खोलीत दोघींत मिळून एक कपाट.

रुवीतलं आमचं एक्स्चेंज, शेजारी ज्यूसवाला,
काउंटरच्या काचेला अर्ध्या भाकरीएवढी फट.
फटीतून लोकांचे हात आत येतात, नोटा, कार्ड,
आणि काचेतून माझा चेहरा बाहेर जातो.
आधी नुसती पापणी फडफडायची.
मग गाल. मग ओठाचा कोपरा
वर खेचला जायचा, आतून कुणी नाडी ओढल्यासारखा,
नेमका भाव सांगताना:
एका रियालला एवढे टाका, एवढे पेसो.

डोळा लवणं आणि डोळा मारणं
यातला फरक काचेपलीकडून दिसत नाही.
एकजण एका दिवसात तीनदा टोकन घेऊन आला.
एकाने पावतीच्या मागे नंबर लिहिला.
एकीने, नवरा शेजारी उभा असताना,
मॅनेजरला बोलवा म्हटलं. तिचं काय चुकलं?

एक दादकरीम तेवढा.
मत्रहच्या धक्क्यावर मासळी उतरवतो, सत्तरी गाठलेली,
दर एक तारखेला ग्वादरला चाळीस रियाल.
पहिल्यांदा त्याने बघितलं, जरा विचार केला,
आणि डोळा मारला परत,
गंभीरपणे, सलामाला सलाम द्यावा तसा.
मग दर महिन्याला.

फौजींनी मला मागच्या खोलीत नेलं. तुझ्यासाठीच, म्हणाले.
तिथे नोटा मोजायचं यंत्र,
तेही फडफडतं, पण त्याला कुणी काही विचारत नाही.

डॉक्टर इख्लास, सुदानच्या.
पडद्यावर माझं डोकं, कलिंगडासारखं आडवं कापलेलं, पण राखाडी.
ही सातवी, त्या म्हणाल्या, चेहरा हिच्यावर चालतो.
आणि ही धमनी, वळताना हिच्या अंगावर रेललेली.
ठोक्यागणिक आपटते.
वरचं आवरण झिजलंय, जुन्या वायरीसारखं,
पापणीचा निरोप ओठाला जातो,
ओठाचा गालाला.

फोनवर आईला सांगताना अडले.
आपल्याकडे दोघींनाही नसच म्हणतात.
नस नसेला लागते, म्हटलं.
ती गप्प.
म्हणजे लवणं नव्हे ते?
नव्हे. रक्त येता-जाता कडी वाजवतं,
दार उघडलं तर कुणी नसतं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिच्याकडचा.
मग म्हणाली, तुझा व्हिसा आला
त्याच्या आदल्या रात्री माझा लवला होता, तो?
तो खरा, म्हटलं.

कानामागून कवटी उघडून
दोघींच्या मधे स्पंजाचा तुकडा ठेवता येतो.
त्याचा आकडा ऐकून मी पर्स बंद केली.
तूर्त सुया, पापणीभोवती चार, गालात एक.
विषच, पण मोजून. तीन महिने पुरतं,
पगाराचा पाचवा हिस्सा जातो.

पाचव्या दिवशी थांबला.
अर्धा चेहरा सुट्टीवर गेल्यासारखा,
चहा पिताना एक बाजू ऐकत नाही.
एक तारखेला मला पुन्हा पुढे बसवलं.

दादकरीम आला. ओलसर नोटा, मिठाचा वास.
डोळा मारला. थांबला.
काचेच्या जवळ येऊन नीट बघितलं, मीच का म्हणून.
नाराज है, बेटी?

डावा मिटायला गेले, अर्ध्यावर अडकला.
उजव्याने कधी केलंच नव्हतं.
ओठ, गाल, भुवई, कुणालाच कळेना कुणाचं काम आहे.
शेवटी दोन्ही मिटले, घट्ट,
लहान मूल लपंडावात मिटतं तसे.

काचेपलीकडे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
उघडले तेव्हा
फटीतून पुढचा हात आत आला होता.