नस आढळली नाही

सहा वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर
माझंच अक्षर आहे, निळ्या शाईतलं:
डावा हर्निया. जाळी बसवली. नस आढळली नाही.

आढळली नाही म्हणजे
पुस्तकात होती तिथे नव्हती, एवढंच.
बाहेर अजून चार जण उपाशीपोटी थांबले होते
आणि नसलेल्या गोष्टीला कुणी किती वेळ द्यावा.

आज सायन्ना म्याकल उजवी बाजू घेऊन आलेत,
विडी घरकुलातून, रिक्षानं, सुनेला सोबत घेऊन.
डावीचं विचारलं.
"बरं हाय की. नाडी बांधली की चटका बसतो तेवढा.
मागावर जरा पाय फाकून उभारतो."
सहा वर्षं.
सांगायला का नाही आलात?
"तुम्ही काम तर चांगलंच केलतं वो."

कमरेखाली बधिर, वर टक्क जागे.
हिरव्या कापडापलीकडून विचारतात,
जाळी कसल्या धाग्याची?
प्लास्टिकच्या.
"वीण विरळ असंल."
हो, मांस वाढायला हवं ना त्यातून.
"मग बरोबर."

चकचकीत पापुद्रा उघडला.
वृषणाच्या दोरीवर, जिथे ती निजलेली असते,
इकडेही काही नाही.
माझा हात थांबला. सिस्टरनं घड्याळाकडे पाहिलं.

"घावंना व्हय?"
कसं कळलं कुणास ठाऊक.
"फणीत धागा तुटला की डोळ्यानं घावत नाही, म्याडम.
बोट फिरवायचं. शेजारच्याला बिलगून बसलेला असतो."

दोरी उचलली, बोट मागे नेलं.
होती.
वरच्या नसेचा हात धरून आलेली,
दोरीच्या पाठीमागून,
पुढे दोन फाटे: एक शिवणाच्या दोऱ्याएवढा,
दुसरा असून नसल्यासारखा.
मुलांना शिकवताना मी म्हणते, काही जणांत ती अशी असते.
काही जण.
त्यांना चटका कुठे बसतो ते फळ्यावर येत नाही.

जाळीला खाच दिली, तिला वाट ठेवली.
टाका घालण्याआधी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"घावली?"
घावली.
"रंग कसला?"
पांढरा. पांढऱ्यातच पांढरी.
"टावेलात तेच अवघड," म्हणाले, आणि डोळे मिटले.

संध्याकाळी जुना कागद काढला.
खोडलं काही नाही. खाली आजची तारीख घातली
आणि लिहिलं: नस शोधली नाही.
उद्या राउंडला वाचून दाखवायचं.
सुनेसमोर की एकट्याला,
ते अजून ठरत नाही.