कडा

माझ्याकडे येतात ती कोर्टाची रजिस्टरं,
सोसायट्यांच्या किर्दी, भजनाच्या वह्या.
शहापुरात, मागांच्या खडखडाटाला लागून
माझं बायंडिंगचं दुकान:
एक शिकंजा, एक कटर, खळीचं पातेलं.

ढाकलू येडगे आला तो गुरुवारी,
जांबोटीच्या गाडीनं,
युरियाच्या पिशवीत पुस्तक गुंडाळून.
जंगलखात्यात वॉचर. रोजंदारीवर, चौदा वर्षं.
म्हणाला, ‘नाल्यात पडलं. मी बी पडलो.
मी वाळलो, ह्ये वाळंना.’

फुलपाखरांचं पुस्तक, इंग्रजी.
कुण्या साहेबानं बदलीच्या वेळी
देऊन टाकलेलं.
पाठीची शिवण उसवलेली,
रानाचा वास, आणि बिडीचा.

नावं वाचली तर सगळी पलटणच:
कमांडर, सार्जंट, बॅरन, नवाब.
आमच्या कँपातली सकाळची परेड
कुणी रंगीत कपड्यांत सोडल्यासारखी.

समासात मात्र पेन्सिलीची वेगळी हजेरी.
काही कानडीत, काही मराठीत,
जसं त्या दिवशी सुचलं तसं.
‘अडकित्ता.’
‘बशीतला चहा.’
‘सिट्टिन चिट्टे’, म्हणजे रागीट.
‘आयच्या लुगड्याचा काठ. तळेवाडीची वाट. शेणावर बारा.’
एका चित्राखाली नुसतं:
‘ह्येला अजून इचारलं न्हाई.’

पानं मी पत्र्याखाली पसरली,
मध्ये टीपकागद, उन्हापासून दूर.
तिसऱ्या दिवशी
शेजारच्या परसातून एक निळं आलं, नखाएवढं,
आणि थेट पानावर बसलं.

चित्रावर नाही.
दोन तळहातांएवढ्या, चकचकीत छापलेल्या
आपल्या थोरल्या भावकीकडे
त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.
ते बसलं खाली, उजव्या कोपऱ्यात,
जिथं अंगठ्याचा तपकिरी डाग होता.
घड्याळाच्या स्प्रिंगसारखी सोंड उलगडली
आणि पीत राहिलं.

मी हातातली सुई तशीच धरून.
मग कळलं: मीठ.
चौदा वर्षं पान उलटणाऱ्या
एका माणसाचा घाम.

आता माझं काम म्हणजे
शिवण, सरस, पुठ्ठा, कापड,
आणि शेवटी तिन्ही कडा कापून
पुस्तक कोरं करकरीत करायचं.
गिऱ्हाइकाला तेच आवडतं. डाग गेले, पैसे फिटले.
कटरचं चाक अर्धं फिरवलं.
उलटं फिरवलं.

राहता राहिली खळ.
खळीत मी मोरचूद घालतो, कसर लागू नये म्हणून.
वडील म्हणायचे,
किड्याची कीव केलीस तर कागद जाईल.
पुडी हातात घेऊन बसलो.
किड्यांचं पुस्तक,
आणि त्यात किड्यांसाठी विष.

घातलं. धंदा आहे.
पण निम्मंच घातलं.
थोडी कसर राहिली तर राहू दे.

मागे कोऱ्या पानांचा एक फर्मा जोडला,
त्यानं न सांगता, बिलात न धरता.

ढाकलू पुढच्या गुरुवारी आला.
पुस्तक हातात तोललं,
कडेवरून बोट फिरवलं.
‘कापलं नव्हं?’
‘नाही.’
‘मग धा रुपये कमी घे की.’

घेतले कमी.
काय सांगणार होतो त्याला?

गाडीला अवकाश होता. पायरीवर बसला,
पुस्तक मांडीवर उघडलं.
त्या न विचारलेल्याच्या चित्रापर्यंत जायचं होतं त्याला,
असं मला वाटलं.
त्यानं कपाळ पुसलं,
अंगठा जिभेला लावला
आणि पान उलटलं.