एकोणपन्नास पूर्णांक नऊ

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ईरण्णाचा फोन.
"मॅडम, निम्मदु एष्टु? तुमचं किती?"
मी मीटर बघते. एकोणपन्नास पूर्णांक नऊ.
"आमचंबी तेवढंच," तो म्हणतो,
आणि आम्ही दोघंही हसतो,
कारण ते वेगळं असूच शकत नाही.
तारेच्या दोन्ही टोकांना एकच नाडी.

मी शिरोळच्या बाजूला, तो चिक्कोडीकडं.
सात वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.
त्याला मुलगी झाली ते मला
ट्रिपिंगच्या दोन तक्रारींच्या मधे कळलं.

वडील शिरोलीत फौंड्रीत होते.
कोक जाळायचे. रात्री खोकायचे तेव्हा
रुमालावर काळा ठिपका उमटायचा,
आई तो रुमाल वेगळा धुवायची.
आता तिथं विजेची भट्टी आहे, धूर नाही.
पण वीज गेली आणि लवकर आली नाही
तर लोखंड भट्टीतच थिजतं,
छिन्नीनं फोडून काढावं लागतं,
पाळीच्या पाळी बुडते.
म्हणून कुणी म्हणालं, कोळसा बंद करा,
की मी आधी मान हलवते, रुमाल आठवून,
आणि मग विचारते:
पहाटे तीनला काय?

पहाटे तीनचं असं असतं, बघा.
विजापूरच्या माळावरचं ऊन
दुपारीच इकडं येऊन
आमच्या मोटारी चालवून गेलेलं असतं.
माझा भाऊ आता उसाला दिवसा पाणी पाजतो,
बॅटरीच्या उजेडात साप हुडकत नाही.
पण रात्री ते ऊन नसतं.
तेव्हा दाजीपूरच्या जंगलाखाली अडवलेलं पाणी
पात्यांवरून उतरतं आणि तिकडं जातं.
हंगाम असेल तर कारखान्याची चिपाडं भर घालतात.
त्यांच्या डोंगरावरचे पंखे फिरले तर उत्तमच,
नाही फिरले तर ईरण्णा कानडीत शिव्या देतो.
त्या मला कळतात.

पंचगंगा घरात आली त्या साली
एवढं सरळ नव्हतं काही.
खालच्यांनी पाणी धरलं, आमचे म्हणत होते.
वरच्यांनी एकदम सोडलं, त्यांचे म्हणत होते.
धरलेलं पाणी म्हणजे कुणाचा तरी उन्हाळ्यातला उजेड,
आणि कुरुंदवाडात म्हशी माडीवर चढवलेल्या.
यार्डात गुडघाभर पाणी. ब्रेकरवर हात ठेवून
मी फोन लावला: बंद करावं लागतंय,
आमचा दवाखाना त्याच फीडरवर आहे.
"दहा मिनिटं द्या."
चौदा लागली.
"आयतु. सोडा आता."
त्या रात्री सात महिन्यांचं एक पोर
काचेच्या पेटीत उबेला होतं
चिक्कोडीहून उलट्या वाटेनं आलेल्या विजेवर.
त्याच्या आईला हे कुणी सांगितलं नाही.
सांगायला तेव्हा कोण मोकळं होतं?

पुढं कोगनोळी नाक्यावर बशी अडवल्या,
पाट्यांना काळं फासलं, दोन्हीकडून.
दिवसभर मला धाकधूक,
कुणाला तरी आमची तार आठवेल.
नाही आठवली.
माणसं डोक्यावरच्या तारांकडं बघत नाहीत,
कधीकधी ते बरंच असतं.

दोन चाळीस. ईरण्णा चाळीस मागतो, पहाटेपर्यंत.
"वारं पडलंय, मॅडम."
मी वरून परवानगी घेते,
राधानगरीला कळवते, थांबते.
अंधारात कुठंतरी एक दार वर सरकत असणार,
गार पाणी, शेवाळाचा वास.
मीटरचा शेवटचा आकडा थरथरतो,
मग चढतो.
"ऐवत्तु," तो म्हणतो.
"पन्नास," मी म्हणते.

नोंदवहीत लिहिते: चिक्कोडीस चाळीस दिले.
रकाना "दिले"चा आहे, शेजारी "घेतले"चा.
कालच्या पानावर घेतलेले पंचावन्न आहेत, माझ्याच अक्षरात.
चहा ठेवते.
उजाडायला अजून तीन तास आहेत
आणि आकडा परत थरथरायला लागलाय.