खुंटी क्रमांक एकतीस

पहिल्या वर्षी भूगोल म्हणजे दोऱ्याचं काम होतं.
नकाशावरच्या नदीवर ओला दोरा ठेवायचा,
नखानं दाबत वळणावळणानं न्यायचा,
मग सरळ करून पट्टीवर मोजायचा.
माझी तापी साडेअठरा सेंटिमीटर भरली,
शेजारच्या बाकावर ज्योत्स्ना गिरासेची सतरा.
भामरे सर म्हणाले, दोघींचं बरोबर आहे,
जिचा दोरा जास्त वळला तिची नदी लांब.
जर्नलवर सही केली. तारीख टाकायला विसरले.

घरी काका विचारायचे, भूगोलात पुढे काय असतं?
एम. ए.
आणि त्याच्या पुढे?
त्याच्या पुढे नेट-सेट, आणि तेही नाही झालं तर
चोपड्याला तासिका तत्त्वावर अक्षांश-रेखांश.
काका मान हलवायचे,
जणू मी पृथ्वीच्या कडेला जाऊन उभी राहिले होते.

एम. ए.ला बांभोरीत, गिरणेच्या काठी,
मे महिन्यात डंपी लेव्हल घेऊन उभं राहायचं.
पंचेचाळीस अंशांत काचेतून पाहिलं की
पट्टीवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात.
पुस्तकात त्याला नाव आहे: वक्रीभवन.
आम्ही म्हणायचो, पट्टी नाचतेय, थांब, चहा पिऊन येऊ.

तेव्हाच कधीतरी लक्षात आलं
की आमच्या शिवारातली घळ नकाशावर नाही.
शीट ४६ ओ. समोच्च रेषा दर वीस मीटरला.
घळ अठरा मीटर खोल.
दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत
ती अख्खी मावली होती, बोरी-बाभळींसकट,
मोरांसकट, सुपडू आबाच्या अठ्ठावीस बकऱ्यांसकट.
पीएच. डी.ला मी तीच घेतली.

चौसष्ट लोखंडी खुंट्या ठोकल्या पिवळ्या मातीत,
फूटभर आत, बोटभर बाहेर.
पावसाळा सरला की जाऊन मोजायचं,
किती माती गेली ते खुंटी सांगते.
काठीवर हनुवटी टेकून आबा बघत होता.
"काय मापी रायनी बेटा?"
माती किती वाहते ते, आबा.
"त्याले खिया कसाले? मन्हा आजा हाई घळ
उडी मारीसन वलांडे."
मी वही काढली. आजाचं वय विचारलं.
उडीची लांबी विचारली.
तो हसत सुटला. मग उठला,
काठीनं मातीत एक रेघ ओढली, चार पावलं चालला,
दुसरी ओढली.

दुसऱ्या वर्षी एकतीस नंबर जागेवर नव्हती.
सहा आठवडे मी त्या भोकाचा विचार केला.
कडा कोसळला? आतून पोखरलं? नवी शाखा फुटली?
गाइडना मेल लिहिला, त्यात "असामान्य" हा शब्द तीनदा.
खुंटी सापडली आबाच्या अंगणात,
तिला एक गाभण बकरी बांधलेली.
"पळी जास ती," आबा म्हणाला,
"आनि तुन्ह्या तेसठ शेतस ना."

तोंडी परीक्षेला बडोद्याहून आलेले परीक्षक
आलेख क्रमांक सातवर बोट ठेवून थांबले.
इथे रेघ तुटली आहे. का?
माझ्याकडे शब्द होते: विदा-खंड, बाह्य हस्तक्षेप,
मानवजनित घटक.
मी म्हणाले, बकरी, सर.
कोणी हसलं नाही.
मग शेवटच्या रांगेत, निवृत्त होऊन चार वर्षं झालेले
भामरे सर हसले, आणि खोकत राहिले.

आजाची उडी प्रबंधात घेता आली नाही.
संदर्भसूचीत तिला कुठलाच रकाना बसेना.
ती वहीत आहे, पेन्सिलीनं:
रुंदी, चार पावलं, सुपडू आबाची.

त्याचं एक पाऊल किती, ते मोजायचं राहिलं.