आधी बॉन्जूर

ओदीलची बेकरी बंद झाली
आणि चर्चसमोर यंत्र आलं :
कार्ड टेकवा, बगेत घ्या, दिवसरात्र.

पहिल्या सकाळी बाझीलनं टोपी काढून
यंत्राला बॉन्जूर म्हटलं,
मग हळूच इकडेतिकडे पाहिलं.
आधी बॉन्जूर, मग पाव;
सत्तर वर्षांचं वळण, जिभेला पडलेलं.

पाव कोमट निघाला, वर कुरकुरीत.
खोट काढायला जागा नाही.
फक्त ते विचारत नाही गुडघा कसा आहे,
आणि टायरचा कारखाना स्लोव्हाकियाला चालला
हे आता कुणी कुणाला सांगायचं?

रविवारी शाळेत मतदान.
वहीपाशी ओदील. हातांना पीठ नाही,
नखं रंगवलेली.
चाळीस वर्षं ज्याला उधार दिलं
त्यालाच म्हणते, "ओळखपत्र?"
नियम आहे.

पडद्याआड तो बराच वेळ होता.
कुणाला दिलं ते बायकोलाही कळायचं नाही,
कदाचित पाकीट कोरंच असेल.

पेटीची फट उघडते.
"बाझील रूव्हिए," ओदील वाचते,
मागच्या बाकापर्यंत जाईल असं,
"मत दिलं!"

तो तिथंच घुटमळतो, टोपी हातात,
जणू सुटे पैसे
परत यायचे आहेत.